नऊ बादल्या बार्बेरा

तेर्सिल्लानं शिडीच्या चौथ्या पायरीवर उभं राहून लाकडी हातोडीनं पिंपाचं बूच सैल केलं, उपटलं आणि भोकाशी तोंड नेऊन म्हणाली, "काय बाईसाहेब, बऱ्या आहात ना? माझा नवरा तुमचीच चौकशी करत होता."

पिंप काही बोललं नाही. त्याची मिजासच तशी. दोन हजार लिटर बारोलो वाईन पोटात घेऊन पाच वर्षं तळघरात बसलं होतं. सेर्रालुंगाच्या टेकडीवर ज्या पट्ट्यातला बर्फ सगळ्यांत आधी वितळतो, तिथली द्राक्षं होती ती. लाकूड घोटघोट वाईन पीत राहतं, म्हणून दर शनिवारी कमी झालेली जागा त्याच वाईननं भरून काढायची. नाहीतर आत हवा शिरते आणि सगळ्याचं व्हिनेगर होतं.

हे काम चेन्सिननं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, आजवर कुणाला करू दिलं नव्हतं. पण यंदा जानेवारीत वेली छाटताना तो बांधावरून घसरला, मांडीचं हाड मोडून घेतलं आणि आल्बाच्या इस्पितळात पाय टांगून पडला. परवाच्या गुरुवारी तेर्सिल्ला शालीत गुंडाळून कोंबडीचं गरम सूप घेऊन गेली होती.

"कशीये?" त्यानं विचारलं.

"खोकला आहे थोडा. जिना चढले की दम लाग—"

"तुझं नाही गं. ती कशीये? बूच घट्ट बसवतेस ना?"

तेर्सिल्लानं सुपाचा डबा उचलला आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला दिला.

चाळीस वर्षं हेच चाललं होतं. चेन्सिन पिंपाला कान लावायचा. "आज रुसलीये," म्हणायचा. थंडीत तळघराची खिडकी पोत्यांनी बुजवायचा आणि बायकोच्या अंगावरची रजाई स्वतःकडे ओढून घोरायचा. दुसरी बाई असती तर तेर्सिल्लानं तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. पिंपाचं काय उपटणार? बूच!

ते तर आता हातातच होतं.

ती शिडीवरून उतरली. जिन्याखाली तिच्या बापानं, एव्हाझिओनं, मोन्फेर्रातोहून पाठवलेले बार्बेराचे, दुसऱ्या द्राक्षाच्या साध्या वाईनचे, बुधले होते. चेन्सिन त्यांना हात लावायचा नाही. "ही पाय धुवायला बरी," म्हणायचा. बार्बेरा काळीभोर, आंबट, बडबडी. ग्लासात पडली की लगेच हसायला लागते. आणि ही बारोलो बघा. रंगानं फिकट, पण पहिल्या घोटाला तोंड असं आवळून टाकते की कच्ची सुपारी बरी. गुलाबाचा वास येतो म्हणावं तर मागून डांबर येतं. वर्षानुवर्षं मनधरणी केल्याशिवाय गोड बोलायची नाही.

तेर्सिल्लानं पिंपाची तोटी उघडून एक बादली बारोलो काढली आणि वरून बापाची एक बादली बार्बेरा ओतली.

"घ्या," ती म्हणाली. "आता करा नखरे."

बादलीभर बारोलोचं करायचं काय? थोड्यात तिनं मांस मुरवलं, उरलेली कोंबड्यांपुढे ठेवली. खोटं वाटेल, पण कोंबडा तीन दिवस भर दुपारी आरवत होता आणि एका कोंबडीनं दोन पिवळ्या बलकांचं अंडं घातलं, तेही झोपेत.

नऊ शनिवार, नऊ बादल्या. दर गुरुवारी तो विचारायचा, "कशीये?" आणि ती शालीत हात लपवून म्हणायची, "मजेत आहे. बोलकी झालीये हल्ली." तेवढ्यानं त्याचा चेहरा उजळायचा आणि येत्या शनिवारी ती बादली काठोकाठ भरायची.

मार्च संपता संपता चेन्सिन घरी आला. बायकोकडे पाहिलं न पाहिलं, कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि लहान पोरासारखा बसून एकेक पायरी घसरत तळघरात उतरला. तेर्सिल्ला मागून गेली. ईस्टरनंतर तोरिनोचा व्यापारी हेच पिंप घ्यायला येणार होता. त्यात दुसऱ्या द्राक्षाचा थेंबही चालत नाही, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा जाणून होतं.

त्याच्या सांगण्यावरून तिनं शिडीवर चढून काचेच्या नळीनं वाईन ओढली आणि ग्लासात सोडून त्याला दिली. त्यानं वास घेतला. घोट तोंडात घोळवला. डोळे मिटले. इतका वेळ त्यानं तिच्या कुठल्याच बोलण्याचा विचार केला नव्हता.

मग डोळे उघडून त्यानं पिंपाकडे नाही, तिच्याकडे पाहिलं.

"एव्हाझिओची?"

तेर्सिल्लाची हनुवटी वर गेली. "त्याचीच."

"किती?"

"नऊ बादल्या. आणि दहावीही ओतली असती. तू एक आठवडा लवकर आलास."

तिला वाटलं, आता ग्लास भिंतीवर फुटणार. पण त्यानं ग्लास हळूच खाली ठेवला, पिंपाची कड धरून उभा राहिला आणि पुढच्या फळीवर खडूनं लिहिलेलं 'बारोलो' कोटाच्या बाहीनं पुसून टाकलं. पुसताना दोनदा थांबला. खाली नुसतं वर्ष उरलं.

"हे करतोस काय?"

"नाही विकायची. घरी पिऊ."

"दोन हजार लिटर? आपण दोघं?"

ग्लास उचलून त्यानं तिच्यासमोर धरला. तिनं नाकाशी नेला. गुलाब होताच, डांबरही होतं, आणि मधूनच कुणीतरी फिसकन हसावं तसं काहीतरी. तिचा बाप हसायचा तसं.

"दहा वर्षांच्या आत तोंडाला लावू नये म्हणतोस ना तू?"

"ते गिऱ्हाइकांना सांगायचं असतं," चेन्सिन म्हणाला आणि मोडका पाय सावरत शिडीच्या खालच्या पायरीवर बसून जरा बाजूला सरकला.