भाव उतरेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. डोंबिवलीजवळच्या कोपर गावातल्या एका घरामागे पागोळ्यांखाली भिंतीला टेकून उभी असते. माझी चाकं आता फिरत नाहीत. पण ज्यांनी मला चालवलं, त्या हरिहररावांची हकिकत मला सांगायची आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्यांनी मला ठाण्याच्या दुकानातून आणलं. ते तिथेच कचेरीत कारकून होते. बिऱ्हाड डोंबिवलीत, एका चाळीच्या मागच्या अंगाच्या खोलीत. भिंतींना बारमाही ओल, आणि पत्नी सुमतीबाईंना दमा. उन्हावाऱ्याची जागा बघा, असं डॉक्टर म्हणाले. त्यासाठीच मी घरात आले.

दर रविवारी आम्ही जमिनींचे भाव विचारत हिंडायचो. ठाकुर्ली, कोपर, कधी पार टिटवाळा. रस्त्याकडेला चौरस वाराला काय भाव, खाडीकडे काय, हरिहररावांना सगळं तोंडपाठ. कचेरीतले लोक त्यांना विचारल्याशिवाय व्यवहार करत नसत. मलाही तेलपाणी मिळे. ते माझे अभिमानाचे दिवस.

एकदा सुमतीबाई माझ्या कॅरिअरवर बसून कोपरला आल्या. महिपत नावाच्या शेतकऱ्याचा उंचवट्यावरचा तुकडा बघायचा होता. बाई बांधावर टेकल्या आणि बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या.

"इथं श्वास पुरतो हो," त्या म्हणाल्या.

महिपतने भाव सांगितला. तेवढी पुंजी हरिहररावांकडे होती.

"घेवाची त आताच घ्या, भाऊसाहेब," महिपत म्हणाला.

"फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत आलेल्या निर्वासितांची सोय लागली की भाव बसणार. वर्षभर थांबू."

सुमतीबाई उठून कॅरिअरवर बसल्या. परतताना त्या मागे वळून बघत होत्या. कॅरिअरवरचं वजन एका अंगाला जात होतं, म्हणून मला कळलं.

वर्षभरात भाव चढला. मग तर चढ्या भावाने घेणं हरिहररावांना कमीपणाचं वाटू लागलं. आणखी एक पावसाळा गेला, आणखी एक. सुमतीबाईंना आडवं होणं जमेना, त्या बसल्या बसल्याच डोळे मिटत.

"महाग घेतली तर काय होईल?" त्यांनी एकदा विचारलं.

"फसू," ते म्हणाले.

श्रावणातल्या एका सकाळी डॉक्टरांकडे जाताना त्यांनी मला जीव खाऊन दामटलं. परत आलो तेव्हा त्यांची मुलगी उत्तरा दारात उभी होती. आतून खोकल्याचा आवाज येत नव्हता.

पुढच्याच वर्षी भाव उतरला. हरिहररावांचा अंदाज बरोबर ठरला. त्यांनी महिपतचाच तुकडा घेतला, दोन खोल्या बांधल्या. कचेरीतल्यांनी त्यांची पाठ थोपटली.

राहायला आले त्या दिवशी उत्तराने विचारलं, "बाबा, ही जमीन आई होती तेव्हा का नाही घेतलीत?"

"तेव्हा महाग होती गं," ते म्हणाले. मग बाहेर आले, माझा दांडा धरून उभे राहिले, पण बसले नाहीत. त्यानंतर ते माझ्यावर कधीच बसले नाहीत.

मित्रांनो, मला गंज चढला, टायर कुजले, त्याचं मला फारसं वाटत नाही. तुम्ही घर घ्याल तेव्हा चार ठिकाणी भाव जरूर विचारा. पण ज्या माणसासाठी ते घ्यायचं, त्याला अजून किती थांबता येईल, हेही विचारा. हरिहररावांनी पंचक्रोशीत सगळ्यांना विचारलं होतं. घरात तेवढं विचारायचं राहून गेलं.