लॉजचा एप्रन आणि रविवारची कॉफी

मित्रांनो, एप्रन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघर येईल, नाहीतर दवाखाना. मी त्यातला नव्हे. कोकराच्या पांढऱ्या कातड्याचा, निळ्या काठाचा, कमरेला बांधायचा एप्रन आहे मी. वय बत्तीस वर्षं, आणि खरं सांगतो, अंगात थोडी मिजास आहे. ती नसती तर तुमच्यापुढे स्वतःची कथा सांगायला बसलो असतो का?

माझा जन्म बेंगळुरूच्या कब्बनपेठेत झाला. विठोजी नावाचे म्हातारे शिंपी होते तिथे. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्या याच शहरात राहिलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड साखरेसारखं विरघळलेलं. ‘स्वल्प थांब अण्णा, कातड्याला घाई चालत नाही,’ असं ते माझ्या मालकाला म्हणायचे. माझा मालक म्हणजे इनास. खानापूरकडचा, कॅथलिक, इथल्या एका कारखान्यात फिटर. विठोजींनी मला इतक्या बारीक टाक्यांनी शिवलं की आजही माझी एकही शिवण उसवलेली नाही.

आता मी कशासाठी, ते सांगतो. फ्रीमेसन नावाची एक फार जुनी मंडळी आहे. गवंड्यांची हत्यारं ही त्यांची खूण आणि गवंड्याचा एप्रन हा त्यांचा पोशाख. ते एकमेकांना बंधू म्हणतात, गरजूंना मदत करतात, आणि आतले विधी बाहेर सांगत नाहीत. त्यांच्या जागेला लॉज म्हणतात. इनासच्या बायकोला, शालनला, आधी वाटलं होतं की नवरा दर गुरुवारी कुठल्यातरी मुक्कामाच्या लॉजवर जातो! तेव्हा घरात चांगलीच जुंपली होती.

इनासला तिथे नेलं नागराजने. तो निपाणीचा, कारखान्यात शेजारच्याच मशीनवर. मला पहिल्यांदा बांधलं तेव्हा टेबलावर बायबल होतं, गीता होती, कुराण होतं. इनासने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. बायबल समोर आहे म्हणजे आपल्या धर्माला हे चालत असणारच, असं त्याला वाटलं. त्याने कुणाला विचारलंच नाही, आणि तिथेच भोळा गडी चुकला.

पुढची वीसेक वर्षं माझी चैनीची गेली. दर गुरुवारी इनास मला मऊ फडक्याने पुसायचा. लॉजात माझं कौतुक व्हायचं, ‘तुझ्याइतका स्वच्छ एप्रन कुणाचा नाही रे,’ असं बंधू म्हणायचे. मी फुगायचो. आमच्यात रीत आहे, बंधू गेला की त्याचा एप्रन शवपेटीवर ठेवतात. इनासने नागराजला सांगूनच ठेवलं होतं, ‘माझ्याबरोबर हा जाईल.’ हे ऐकून मला केवढा अभिमान वाटला!

मग अकरा वर्षांपूर्वी चर्चमध्ये तीन दिवसांची प्रवचनं झाली. शालन तेव्हा माहेरी होती, इनास एकटाच ऐकून घरी आला आणि मला हातात घेऊन बसला. प्रवचनात फादरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की कॅथलिक माणसाने फ्रीमेसन होऊ नये, आणि जो आहे त्याने कम्युनियन घेऊ नये. कम्युनियन म्हणजे मिस्सात, चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, मिळणारा ख्रिस्तप्रसाद. कॅथलिक माणसाला त्याहून मोठं काही नसतं.

इनासला ना लॉज सोडवे, ना चर्चला फसववे. मग त्याने काय करावं? कम्युनियनच्या आधी तासभर काही खायचं-प्यायचं नाही, असा नियम आहे. म्हणून हा पठ्ठ्या दर रविवारी मिस्साला निघता निघता पेलाभर कॉफी प्यायचा! सगळी रांग पुढे जायची, हा बाकावरच. ‘विसरलो ग, कॉफी घेतली.’ शालन घरी येऊन तोंडसुख घ्यायची, ‘देवापेक्षा कॉफी जड झाली तुम्हाला. म्हातारपणी एक तास कळ काढवत नाही!’ इनास खाली मान घालून ऐकायचा. कपाटात पडल्या पडल्या मीही ऐकायचो, आणि माझा जीव तुटायचा. कारण त्या कॉफीचं कारण मीच होतो.

यंदा दोघांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. सर्जापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटजवळच्या चर्चमध्ये रविवारी मिस्सा ठरला. तो करायला खानापूरहून इनासचा भाचा आला, फादर पास्कू. त्याला लहानाचं मोठं इनासनेच केलेलं. शालनने भाच्याला बजावलं, ‘फादर बाळा, त्या दिवशी मामांना कॉफी मिळणार नाही. डबा मी लपवून ठेवणार आहे. पन्नास वर्षांनी तरी आम्ही दोघं शेजारी उभं राहून कम्युनियन घेणार.’ तिचा जीव त्यातच अडकला होता.

शनिवारी पास्कूने आपला मिस्साचा झगा टांगायला कपाट उघडलं. मी समोरच होतो.

‘मामा, हा कुणाचा?’

इनासचा चेहरा उतरला. ‘माझाच,’ तो म्हणाला. आणि मग अकरा वर्षं साठलेलं सगळं बोलून टाकलं. कॉफीचंसुद्धा. दारात शालन उभी होती, हातात चिरलेली कोथिंबीर. ती आत येऊन पलंगावर बसली.

‘अहो, आणि मी तुम्हाला दर रविवारी बोलत राहिले! एका शब्दाने सांगायचं नाही? दोन दगडांवर पाय ठेवून एकटेच उभे होता की हो!’ तिला रडू आवरेना.

इनास भाच्याला म्हणाला, ‘पास्कू, तिथे वाईट काही नाही रे. कोणाच्या देवाला नावं ठेवत नाहीत. कोविडात आम्ही दोघं अंथरुणाला खिळलो तेव्हा एकोणीस दिवस दाराला जेवणाचा डबा कुणी अडकवला? नागराजने. त्याला मी वाईट म्हणू?’

‘मी कुठे वाईट म्हणतो, मामा?’ पास्कू त्याच्याजवळ बसला. ‘नागराजमामा माझ्यापेक्षा भला माणूस असेल. पण तिथे आत जाताना ख्रिस्ताचं नाव चपलांसारखं दाराशी ठेवावं लागतं. सगळे धर्म सारखेच, असं धरून तिथे बसायचं. ज्यांना तसं वाटतं त्यांनी खुशाल बसावं. पण आपण तर म्हणतो, ख्रिस्तच वाट आहे. आणि आत काय ते कळण्याआधीच गुप्ततेची शपथ घ्यायची. तुमचं मन तुम्ही आधीच देवाला दिलंय, ते आणखी कुठे कसं बांधून द्याल? दोन्ही खरं धरून चालता येत नाही, म्हणूनच तर तुम्ही अकरा वर्षं बाकावर बसलात.’

इनासने माझी बाहेर लोंबणारी नाडी कपाटात सारली.

‘मी ढकलणार नाही,’ पास्कू म्हणाला. ‘उद्या तुम्ही बसून राहिलात तर मी खाली येऊन तुमच्या डोक्यावर हात ठेवीन. तुम्ही माझे मामाच राहाल.’

मित्रांनो, त्या वेळी मी मनात म्हटलं, ‘इनास, मला सोडू नकोस.’ खोटं कशाला बोलू? मी तेवढाच स्वार्थी होतो.

रविवारी सकाळी इनासने राजीनाम्याचं पत्र लिहिलं आणि नागराजला फोन करून बोलावलं. नागराज नवा शर्ट घालून आला, मिस्साचं आमंत्रण होतं म्हणून. इनासने आधी मला पुसलं, घडी घातली, आणि पत्रासकट नागराजच्या मांडीवर ठेवलं.

‘नागू, मला आता येता येणार नाही. तुझ्यावर राग नाही. कुणावरच नाही. मला शालनबरोबर उभं राहायचंय.’

नागराजने पत्र वाचलं. दोनदा वाचलं. ‘बत्तीस वर्षं, इनास,’ एवढंच तो म्हणाला. मग बराच वेळ माझ्या काठावरून अंगठा फिरवत राहिला. मला वाटलं, आता भांडणार.

‘वाईट वाटलं. वाटणारच की,’ तो शेवटी म्हणाला. ‘पण आपल्यात पहिल्याच दिवशी काय शिकवतात? पहिलं कर्तव्य देवाचं. ते मी तुला मोडायला लावू काय? आणि एवढी वर्षं एकटा कुढलास ते कशाला? मला सांगायचं नाही होय रे, मूर्खा! सरी, बरं, चल. उशीर होतोय. मला बसायला जागा आहे ना आत?’

‘पुढच्या बाकावर,’ शालन म्हणाली. ‘आमच्या माणसांत.’

नागराजला घरी जाऊन मला ठेवायला वेळ नव्हता. त्याने मला कापडी पिशवीत घातलं आणि पिशवी घेऊनच तो चर्चमध्ये आला. मिस्साच्या आधी इनास तिथल्या फादरांकडे पापनिवेदनाला, म्हणजे चुकांची कबुली देऊन क्षमा मागायला, जाऊन आला. मग गाणी झाली, प्रार्थना झाल्या. पिशवीतून मला दिसत काही नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

कम्युनियनची वेळ झाली. म्हाताऱ्या पावलांचे दोन जोड पुढे गेले. पास्कूचा आवाज आला, ‘ख्रिस्ताचं शरीर.’

‘आमेन,’ इनास म्हणाला.

बत्तीस वर्षं मी त्याच्या पोटाला बांधलेला होतो, मित्रांनो. त्याचा आवाज मला पाठ आहे. पण इतका मोकळा आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझी सगळी मिजास तिथेच गळून पडली. त्याच्या पेटीवर जाण्याची मला हौस होती, पण असं हलकं होऊन जगताना त्याला ऐकणं हे त्याहून किती गोड! शेजारी नागराज नाक पुसत होता.

आता मी नागराजच्या कपाटात असतो. इनास दर गुरुवारी त्याच्याकडे येतो, लॉजची वेळ व्हायच्या आत दोघं गप्पा मारतात, आणि मग इनास घरी जातो.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असं सगळ्याच वस्तू तुम्हाला सांगतात. मी दुसरं सांगतो. तुमच्या घरी कुणी दर वेळी तीच तीच सबब सांगत असेल, तर त्याला रागावण्याआधी जवळ बसवा आणि मायेने विचारा. आणि तुम्हाला कधी एखादी गोष्ट सोडावी लागलीच, तर समोर बसून, हात हातात घेऊन सांगा. तसं सोडलेल्याला फार लागत नाही. मी स्वतः अनुभवलंय.