जिन्यातला मळा

हसू नका, मी एक बाथटब बोलतोय. माझ्यात आजवर एकाही माणसाने आंघोळ केलेली नाही. पालक, मुळे आणि टोमॅटो मात्र मनसोक्त भिजले.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र आणि चांगलाच तोऱ्यात होतो. एका हॉटेलने मला मागवलं आणि माझा नळ लागायच्या आधीच हॉटेलला टाळं लागलं. भंगारात पडलो होतो, तिथून एका बस ड्रायव्हरने मला घरी नेलं. दिवसभर बस चालवून कंबरेचा भुगा होतो, संध्याकाळी गरम पाण्यात लोळू, असा त्याचा बेत. पण न्हाणीघराचं दार माझ्याहून अरुंद निघालं.

त्याची बायको कपडे शिवते. टेप कायम गळ्यात. ती म्हणाली, "अहो, मला विचारलं असतं तर माप नसतं का घेतलं?"

मग मला उभा करून, जिन्यातून कसाबसा फिरवत गच्चीवर नेलं. बाईंनी माझ्यात माती भरली, आणि काय सांगू, माझं नशीबच फळफळलं! उन्हाळ्यात टोमॅटो लागले. पहिला टोमॅटो नवराबायकोने मीठ लावून उभ्याउभ्याच खाल्ला, रस कोपरापर्यंत ओघळला. पावसाळ्यात घेवडा, थंडीत पालकाचं वाफाळतं सूप. माणसांची गंमत वाटते मला. बाजारचा मुळा ताटात तसाच राहतो, आणि घरचा मुळा डोळ्यांत पाणी आलं तरी "काय गोड आहे!" म्हणत संपवतात.

पण माझ्या तळाच्या भोकातून पाणी झिरपायचं. खालच्या काकांच्या छताला ओल आली. पलंग सरकवत सरकवत बिचारे दारापर्यंत पोचले, आणि एक दिवस तडक वर आले.

"भाजी तुम्ही खायची आणि पाणी माझ्या उशीवर? भंगारात द्या तो टब!"

काकांचं चुकीचं नव्हतं. ड्रायव्हरने मान खाली घातली. मला तर धडकीच भरली. पुन्हा भंगार!

तेवढ्यात बाई आडव्या आल्या. "मटाराच्या शेंगा भरत आल्यात. आत्ता उपटायच्या नाहीत. आहे तसा अंगणात ठेवा, मटार झाले की द्या काय द्यायचं ते."

ड्रायव्हर, त्याचा मेहुणा आणि शेजारची चार दांडगी माणसं लागली. मातीसकट, वेलींसकट मी निघालो, पालखीत बसल्यासारखा डुलत. आणि जिन्याच्या वळणावर गच्च अडकलो. पुढे जाईना, मागे येईना.

"उभा करा की! वर नेताना उभाच नेला होता," मेहुणा ओरडला.

"आणि आतली माती तुझ्या डोक्यावर ओतू?" ड्रायव्हर म्हणाला.

सगळे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग जे हसत सुटले! घामाघूम होऊन पायऱ्यांवरच बसले.

अडकलो तेही नेमका जिन्याच्या खिडकीखाली, काकांच्या दारासमोर. काकांनी दार उघडलं. "छतावरून गेला तो दारात आला!"

बाईंनी एक शेंग सोलून पुढे केली. काकांनी कपाळाला आठ्या घालून दाणे तोंडात टाकले. चावले. आठ्या हळूहळू सुटल्या.

"आणखी एक बघू," ते म्हणाले. मग आणखी एक. "असू दे. एवढा मटार होऊन जाऊ दे."

भोकाखाली त्यांनी स्वतःच बादली लावली. छत वाळलं, पलंग जागेवर गेला, आणि काका रोज माझ्या काठावर चहाचा कप ठेवून शेंगा सोलू लागले.

पण मटार कधीतरी संपणारच. संपला. मेहुणा फावडं घेऊन आला.

"थांब! हात लावू नकोस!" काका आतून धावत आले. मातीत दोन जाड, हिरवी पानं वर आली होती.

"हे काय?" मेहुण्याने विचारलं.

"भोपळा," काका नजर चुकवत म्हणाले. "मी लावलाय. आता भोपळे धरेपर्यंत कसा हलवणार?"

बाई इतक्या हसल्या की त्यांना कठडा धरावा लागला.

आता वेल कठड्यावरून वर गच्चीपर्यंत पोचलाय. एक गुबगुबीत भोपळा माझ्या काठावर ऐटीत बसलाय. तुम्हाला हात जोडून एवढंच सांगणं, या जिन्यातून जाताना पोट आत घ्या, वेलावर पाय देऊ नका. आणि भोपळा उतरवायची घाई नको. तसं मला आता भ्यायचं कारण नाही म्हणा. सकाळीच काकांनी इकडेतिकडे बघून, बोटाने माझ्या मातीत हळूच एक खड्डा केला. काय पेरलं ते मलाही सांगितलं नाही, पण गुदगुल्या व्हायला लागल्यात!