डाव्या चाकाची चीर

बाबांनी माझ्या चाकाच्या खुर्चीचं डावं टायर बदललं. प्रेमाने. न विचारता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी.

एवढं काय त्यात, असं वाटेल. तर मी चित्रं चाकांनी काढतो. ताई नर्स आहे, तिच्या हॉस्पिटलने टाकून दिलेल्या चादरी ती जोडून शिवते. रंग मी विकत आणत नाही. चहाच्या चोथ्याचं पाणी आणि गंजलेल्या खिळ्यांचं पाणी एकत्र केलं की काळीभोर शाई होते. ती चाकांना लावायची आणि चादरीवरून खुर्ची फिरवायची. डाव्या टायरला एक चीर होती. दर फेरीला रेघ तिथे तुटायची. ती माझी चाल. चीर नसेल तर रेघ कुणाचीही.

आणि चादर अर्धीच झाली होती.

"बाबा, जुनं टायर कुठेय?"

"ते फाटकं? अरे, भर रस्त्यात फुटलं असतं म्हणजे?"

"कुठेय सांगा ना!"

"कापलं." मग घाईघाईने, "फेकलं नाही हां!"

बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. रबर फेकायचं म्हटलं की त्यांना ताप येतो.

मी ओरडलो. बरंच. बाबा नव्या टायरवरून अंगठा फिरवत बसले. त्यांना वाटलं होतं मी खूश होईन.

ताई मध्ये पडली. "भांडा नंतर. तुकडे कुठे लावलेत?"

"वॉशिंग मशीनखाली. हादरून चालत चालत दारापर्यंत यायचं ना ते."

मशीन चालू, आत ताईचा युनिफॉर्म. ते बंद केलं. ताई फरशीवर पालथी, हातात मोबाइलची बॅटरी.

"उचला बाबा, जोर लावा!"

"लावतोय की! दगड धुतेस का काय?"

मी दारात नखं खात होतो. पुढच्या पायांखाली साधेच तुकडे. भिंतीकडच्या पायाखाली सापडली. चीर, जशीच्या तशी.

"पण नुसत्या तुकड्याने रेघ कशी ओढू?" मी रडकुंडीला आलेलो.

बाबांनी तुकडा उलटसुलट पाहिला. पंक्चर सापडल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा झाला. नवं टायर घासलं, सोल्यूशन लावलं, तुकडा वरून चिकटवला, हातोडीने ठोकला. जरा सुकू दिला.

"फिरव."

फिरवलं. ठक. एक फेरी. ठक. खुर्ची लंगडायला लागली.

"झालं," ताई म्हणाली, "आता हिलाही अपंगाचं सर्टिफिकेट काढा."

मी इतका हसलो की शाई सांडता सांडता राहिली.

चादरीवर रेघ उमटली. नव्या टायरची कोरी नक्षी, मध्येच जुना झिजका तुकडा, त्यात चीर. आधीच्या रेघांसारखी हुबेहूब नाही. पण माझीच. अर्ध्या चादरीवर आधीचा मी, अर्ध्यावर दुरुस्त केलेला. जीव भांड्यात पडला.

चादर दोरीवर वाळत टाकली तेव्हा बाबा हळूच खुर्चीपाशी आले.

"आता काढू तो तुकडा? उद्या लोकांसमोर ठकठक करत जाशील."

"राहू दे."

"बरं दिसत नाही रे."

"बाबा, राहू दे."

त्यांची नजर उजव्या चाकावर गेली. "मग उजव्यालाही एक लावतो. म्हणजे सारखं होईल."

मी ब्रेक ओढला आणि दोन्ही हात चाकांवर घट्ट धरून बसलो.