फरशी बदलते तिथं

१९९६च्या उन्हाळ्यात काटेवाडीतल्या आमच्या नव्या घराला गिलावा झाला आणि फरशीचा प्रश्न उभा राहिला. माझ्या वडिलांना, नानांना, मोझॅक हवी होती. ते पाटबंधारे खात्यात होते आणि साहेबांच्या क्वार्टरमध्ये त्यांनी ती पाहिली होती. मी नुकतीच बारामतीच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले होते, त्यामुळे पाहिलेल्यापेक्षा मोजलेल्यावर माझा जास्त भरवसा. भिगवण रस्त्यावरच्या दुकानातून मी दोन नमुने आणले, पॉलिश केलेली मोझॅक आणि खडबडीत शहाबादी.

लिंबाचा रस टाकला तर दोन्हींवर बारीक बुडबुडे आले. म्हणजे आंबट दोन्हींना सारखंच वाईट. मग फरशी ओली केली, तिच्यावर आईची रबरी चप्पल ठेवली, चपलेवर वीट ठेवली आणि फरशीची एक कड हळूहळू उचलत गेले. कंपासपेटीतल्या कोनमापकानं मोजलं. मोझॅकवरून चप्पल सतरा अंशांना घसरली. शहाबादीवर ती चौतीस अंशांपर्यंत हलली नाही. पाच-पाच वेळा करून पाहिलं.

"चपलीला बी परीक्षेला बसिवलं पोरीनं," सावळाराम गवंडी म्हणाला. "मोझॅक नापास म्हणायची का?"

"ओली असली तर नापास."

"मग भांडान कशापायी? आत मोझॅक घालू, ओसरीला शहाबादी. समदे तसंच करत्यात."

नाना खूश झाले. खरं सांगायचं तर मीही झाले. पाऊस ओसरीवर येतो, हॉलमध्ये येत नाही. हिशेब चुकत नव्हता. आई चुलीपाशी बसून ऐकत होती.

आठवड्यानं टेंपोतून मोझॅक आली. सावळारामनं सिमेंटचा माल कालवला, ओसरी आणि हॉलच्या मधे सुतळी ताणली. इथवर शहाबादी, इथून पुढं मोझॅक. आई आली आणि त्या सुतळीवरच मांडी घालून बसली.

"मुक्तावहिनी, उठा. माल सुकतोय."

"सुकू दे. सावळाराम, ओसरीवर कोन बसनार?"

"कोन बी. भाजीवाली, भंगारवाला, रानातली गडीमानसं. आतली मानसं आत."

"आन् मी आप्पासाहेबांच्या ओसरीवर एकोणीस वर्सं बसले, ते?"

सावळारामनं थापी खाली ठेवली.

आप्पासाहेबांच्या रानात आई कांदा लावायला आणि खुरपायला जायची. लहानपणी मीही बरोबर असायचे. त्यांच्या बंगल्यात ओसरीला शहाबादी होती आणि उंबऱ्याच्या आत पांढऱ्या ठिपक्यांची गुळगुळीत मोझॅक. चहा बाहेर यायचा, वेगळ्या कपात. आत जाऊ नका असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. फरशी बदलते तिथं थांबायचं, एवढं आमच्या पायांना माहीत होतं. मी दोन्ही फरश्यांचे कोन मोजले होते, पण त्यांच्यामधली रेघ मला दिसली नव्हती.

"एकच फरशी," आई म्हणाली. "ओसरीपासून मोरीपातूर. कंची बी घाला, पर एकच."

"मोझॅक ओसरीला निसरडी होईल," मी म्हणाले.

"मग शहाबादी घाला."

"हॉलला?" नाना कळवळले. "अगं, लोक हसतील. गोठा म्हणतील."

"म्हनू द्या. गोठ्यात गाई तरी एका फरशीवर बसत्यात."

मोझॅक आली तशी टेंपोतून परत गेली. सावळाराम संध्याकाळपर्यंत पुटपुटत होता, पण सुतळी त्यानं स्वतःच सोडली.

गृहप्रवेशाच्या दिवशी सकाळी बुद्धवंदना झाली, वस्तीतले लोक जेवून गेले. दुपारी आप्पासाहेब आले. त्यांना आमंत्रण होतं. चपला काढून ते ओसरीवर टेकले आणि त्यांनी दारातून आत पाहिलं.

"मुक्ता, हॉलला तरी चांगली घालायची व्हती. मला इचारायचं."

"चांगलीच हाय. तेजश्रीनं मोजून घेतलीय. आत या, आप्पासाहेब. चहा ठेवलाय."

"हितंच बरंय. वारा लागतोय."

"मग वारा पिऊन जावा," आई म्हणाली.

ते मोकळं हसले, पण उठले नाहीत. त्यांचा कप हॉलमध्ये सतरंजीसमोर होता. आमच्या सगळ्यांचे होते तसलाच, निळ्या काठाचा. बाहेर नेऊन द्यावा म्हणून नाना अर्धवट उठले. आईनं त्यांच्याकडे पाहिलं. नाना बसले. तिनं आपला कप उचलला आणि पाय लांब सोडून हॉलच्या मधोमध चहा प्यायला लागली.

आप्पासाहेबांच्या चहावर साय धरली. दारापासून कपापर्यंत सात फरश्या होत्या. बसवताना मीच मोजल्या होत्या.

"गार झाला तर दुसरा करनार न्हाय मी," आई म्हणाली.

गुडघ्यावर हात टेकून आप्पासाहेब उठले. दारातून आत पाऊल टाकताना त्यांनी सवयीनं खाली पाहिलं. खाली तीच शहाबादी होती.