मला विकून भरलेली रक्कम

मी एक जुने झेरॉक्स मशीन आहे, मित्रांनो, आणि कालच्या धक्क्यातून अजून सावरलेलो नाही.

जन्म कारखान्यातला, पण मला माणसांत आणले ते माझ्या मालकांनी. कोर्टासमोर, जिन्याखाली त्यांचे भाड्याचे एवढेसे दुकान होते. तिथे मी करारनामे छापले, निकालपत्रे छापली. कागद अडकला की मालक माझ्या डाव्या कुशीवर हलकेच थाप मारत, "चल रे, पोटापाण्याचा प्रश्न आहे!" की मी निमूट चालू. गिऱ्हाइके म्हणत, "मशीन जुनं, पण अक्षर बघा कसं मोत्यासारखं!" मी आधीच गरम, त्यात आणखी फुलून जायचो.

मालकांची लेक भिंगरी माझ्याच झाकणावर वही ठेवून शिकली. तिला परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा मालकांनी ते पत्र येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले. एकदोघांना तर त्याची प्रतही फुकट दिली!

पण व्हिसासाठी विद्यापीठाची फी आणि तिथे राहण्याचा खर्च एवढी रक्कम बँकेत शिल्लक दाखवायची होती. भिंगरीच्या आईच्या बांगड्या मोडल्या, तरी थोडे कमीच पडत होते. शेवटी मालकांनी दुकान बंद करून अनामत परत घेतली आणि मला चौकातल्या स्टेशनरीवाल्याला विकले. जाताना बँकेचा दाखला मीच छापला. रक्कम पूर्ण भरली होती. विकलो गेलो, पण सार्थकी लागलो, असे मला वाटले.

इथे माझी नस कोणालाच सापडली नाही. माझ्यावर धूळ साचते, खोके ठेवतात. कागद अडकला की लाथ बसते.

काल बापलेक इथे आले. भिंगरीने माझ्या काचेवर एक कागद पालथा ठेवला. मी दिवा सरकवत वाचत गेलो आणि हादरलोच. व्हिसा नाकारला होता! पैसे पुरेसे होते. पण खर्च उचलणाऱ्या वडिलांकडे सध्या उत्पन्नाचे कोणतेही साधन नाही, असे त्यात लिहिले होते.

अहो, ते साधन मीच होतो की! माझ्या पोटात कागद तिथेच अडकला.

स्टेशनरीवाल्याने पाय उचलला, तोच मालक पुढे झाले. "थांबा हो, मारू नका त्याला." त्यांनी डाव्या कुशीवर थाप मारली. "चल रे," एवढेच म्हणाले. मी मुकाट्याने प्रत बाहेर काढली.

"काका, तुमचंच ऐकतं हो हे," स्टेशनरीवाला ओशाळून म्हणाला.

"बाबा, आपण याला परत घेऊ या," भिंगरी म्हणाली.

"अगं, मग खात्यात पैसे कमी पडतील."

"पडू देत. दुकान चाललं तर पुढच्या वर्षी अर्ज तरी करता येईल."

मालकांनी खिसा चाचपला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर काढलेल्या प्रतीचे पैसे दिले.

मित्रांनो, लेकरासाठी दागिने खुशाल मोडा, पण ज्याच्यावर घर चालते ते विकण्याआधी दहादा विचार करा. आणि मालकांचा निर्णय होईपर्यंत मला लाथा मारू नका. मालक न्यायला आले, तर मला धड चालता आले पाहिजे.