फळीबाबाची सत्यफळी

बोरी गावच्या पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. फळीबाबा आले होते! दोन विटांवर त्यांनी शेंदूर फासलेली, शाळेच्या पाटीएवढी पातळ चौकोनी फळी टाकली होती. "सत्याला पेलते, पापाला मोडते!" ते गरजले. ढेरपोटे सरपंच शंभुराज वर चढले. फळी नुसती लवली. सगळं पुण्य पोटातच साठलंय, अशा थाटात सरपंच खाली उतरले.

मग पाळी आली बबिताची. ती शाळेत खिचडी शिजवायची. तेलाचे डबे गायब झाले आणि संशय तिच्यावर. बाबांनी हे चहाच्या टपरीवरच ऐकून घेतलं होतं.

"मी न्हाई नेले," बबिता म्हणाली.

बाबांनी धूप पेटवला, फळी उचलून कपाळाला लावली, पुन्हा विटांवर ठेवली. काटकुळी बबिता चढली आणि कट्! फळी दुभंगली.

"चोरटी!" कुणीतरी ओरडलं. बबिताला क्षणभर स्वतःचाच संशय आला.

सरपंचांची पुतणी ऋतुजा पुढं आली. परभणीच्या तंत्रनिकेतनात ती शिकवायची. तुकड्यावरचा शेंदूर तिनं नखानं खरवडला. खाली धागे होते, सगळे एकाच दिशेनं.

"बाबा, झोळीत आनखी लय फळ्या दिसायल्यात. एक काढा की."

"देवाची वस्तू हाय, बाई!"

"मग भिता कशाला?"

तिनंच एक काढली, खरवडली, विटांवर ठेवली. "काका, चढा." फळीनं सरपंचांना पेललं. मग तिनं फळी काटकोनात फिरवली. "आता बाबा चढतील."

बाबांना एकाएकी बस आठवली. बबितानं झोळीचा बंद धरला. "महाराज, तुमचं पुण्य बघू द्या की आमाला बी."

गाव हसलं. बाबा चढले. कट्!

"हा अंबाडीचा वाख, दोर वळतात तो," ऋतुजानं तुकडा उंच धरला. "वर रेझीन ओतलंय, फायबरच्या टाकीत असतं तेच. धागे या विटेपासून त्या विटेपर्यंत गेले, की वजन तेच पेलतात. फळी फिरवली, की भार नुसत्या रेझीनवर येतो, अन् ते धाग्याधाग्यांमधून तडकतं. लाकूड रेषेत फुटतं, तसंच. बाबा फळी फिरवत व्हते, तुमी धूर बघत व्हता."

सरपंच पुटपुटले, "चुकलं, बबिता."

"चोरटी म्हणताना गाव मोठ्यानं वरडलं व्हतं, मालक."

सरपंचांनी मग तेच साऱ्या पाराला ऐकू जाईल असं म्हटलं.

"डबे शोधायचे तर शाळेच्या कोठीची किल्ली कुणाकडं असते ते विचारा, पोलिसांत तक्रार द्या," ऋतुजा म्हणाली. "माणसाचा खरेपणा पुराव्यानं ठरवा. फळीला फक्त वजन कळतं."